उगाळलेल्या शाईतले डोंगर

मराठीत ‘उगाळणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ रूढ आहेत. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून चंदनाचे खोड गोलगोल फिरवीत गंध काढणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि होऊन गेलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा काढून बोलत राहणे हा लाक्षणिक अर्थ. या दुसऱ्या अर्थाला बोलण्यात नेहमी नाराजीची छटा असते, कारण जुने तेच ते उगाळणारा माणूस घरच्यांनाही नकोसा होतो. कोरियातील पारंपरिक शाईची चित्रे पाहताना मात्र हे दोन अर्थ एकमेकांच्या इतके जवळ येतात की ती नाराजी उरत नाही. त्या परंपरेत चित्रकाराला बाटलीचे झाकण उघडून कामाला लागता येत नाही. शाई त्याला रोज नव्याने दगडावर उगाळावी लागते, आणि हात एका लयीत फिरत असतानाच्या त्या वेळात काढायचे चित्रही त्याच्या मनात उगाळले जाते.

या चित्रपद्धतीला कोरियन भाषेत ‘सुमुख्वा’ म्हणतात. ‘सु’ म्हणजे पाणी, ‘मुक’ म्हणजे शाई आणि ‘ह्वा’ म्हणजे चित्र. नावात पहिला मान पाण्याचा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शाईच्या कांडीला बोलभाषेत ‘मॉक’ असा सुटसुटीत शब्द आहे. चीड वृक्षाचे राळभरले लाकूड किंवा वनस्पतीचे तेल कोंडलेल्या हवेत जाळून जी काजळी धरते ती गोळा करायची, जनावरांच्या कातड्यापासून काढलेल्या सरसात ती मळायची, लाकडी साच्यात दाबून तिच्या कांड्या पाडायच्या आणि त्या राखेत पुरून हळूहळू वाळवायच्या, अशी ही कृती आहे. आपल्याकडे पोथ्या लिहिण्यासाठी काजळी आणि डिंक यांची शाई करीत असत, त्यामुळे काजळीची ही थोरवी मराठी वाचकाला परकी वाटू नये. चीडाच्या काजळीची शाई पातळ केली की किंचित निळसर दिसते आणि तेलाच्या काजळीची शाई तांबूस ऊब दाखवते, असे जाणकार सांगतात. म्हणजे ज्याला आपण सरसकट काळे म्हणून मोकळे होतो त्यातही जळलेल्या वस्तूची ओळख शिल्लक असते. कांडी उगाळण्याच्या दगडाला ‘ब्योरू’ म्हणतात, आणि पश्चिम किनाऱ्याजवळच्या बोर्‍यॉंग परिसरातला काळा दगड त्यासाठी नावाजलेला आहे. शाई, दगड, कुंचला आणि कागद या चौघांना जुन्या विद्वानांनी ‘अभ्यासिकेतील चार मित्र’ असे नाव दिले होते, आणि ते नाव आजही चालते.

या चौघांतला कागद हा सर्वांत हट्टी मित्र म्हटला पाहिजे. ‘हान्जी’ या नावाने ओळखला जाणारा हा कागद ‘दाक’ नावाच्या, तुतीच्या कुळातील झाडाच्या सालीपासून होतो. हिवाळ्यात फांद्या तोडून, वाफवून, साल सोलून, राखेच्या क्षारयुक्त पाण्यात शिजवून आणि कुटून तिचा लगदा करतात, आणि तंतू पाण्यात एकसारखे तरंगत राहावेत म्हणून त्यात भेंडीच्या जवळच्या नात्यातील एका झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. अशा लांब तंतूंच्या कागदावर कुंचला टेकला की शाई थांबत नाही, ती तंतूंच्या वाटेने आत उतरते आणि कडेला पसरते. तैलरंगात चुकलेला भाग खरवडून पुन्हा रंगवता येतो, पेन्सिलची रेघ खोडता येते, पण हान्जीवर उतरलेली शाई पुसण्याचा उपाय नाही. ओढलेली रेघ एकाच वेळी मसुदाही असते आणि शेवटची प्रतही. शिवाय काजळी बहुतांशी कार्बन असल्यामुळे ती उन्हाने उडत नाही. ग्यॉंगजूच्या बुलगुक्सा विहारातील दगडी स्तूपात इ.स. १९६६ मध्ये सापडलेली धारणीसूत्राची ठशांनी छापलेली गुंडाळी आठव्या शतकाच्या पूर्वार्धातली मानली जाते, आणि तिच्यावरची अक्षरे अजून काळी आहेत.

जे माध्यम चूक दुरुस्त करू देत नाही ते चित्रकाराला समोर पाहत पाहत, चाचपडत काढू देत नाही. कुंचला उचलण्यापूर्वी चित्र आत पूर्ण झालेले असावे लागते. बांबू काढणाऱ्याच्या छातीत आधी बांबू उभा पाहिजे, ही चिनी पंडितांची शिकवण कोरियातील चित्रकारांनीही शिरोधार्य मानली. याचा अर्थ असा की शाईने काढलेला प्रत्येक डोंगर, समोर बसून काढलेला असला तरी, एका अर्थाने आठवणीतूनच उतरतो, कारण डोळा डोंगरावरून कागदाकडे वळतो तेवढ्या क्षणातही डोंगर भूतकाळात गेलेला असतो. कल्पनेसाठी कोरियन भाषेत ‘सांगसांग’ हा शब्द आहे. तो ज्या चिनी अक्षरांनी लिहिला जातो त्यांत हत्तीचे अक्षर दडलेले आहे, आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकातील हान फेइ या विचारवंताच्या ग्रंथात त्याचा उलगडा असा येतो की जिवंत हत्ती क्वचितच दिसत असल्यामुळे लोक मेलेल्या हत्तीची हाडे मिळवीत आणि त्यांवरून जिवंत हत्ती मनात उभा करीत. कल्पनेची याहून नेमकी व्याख्या सापडणे अवघड आहे. तिला हाडे लागतातच, आणि ती पुरवण्याचे काम स्मृतीचे असते. हाडांवर मांस, कातडे आणि चाल चढवण्याचे काम मात्र स्मृतीला एकटीला जमत नाही. सुमुख्वात या दोघींना वेगळे काढू पाहणारा समीक्षक बहुधा रिकाम्या हाताने परततो.

कोरियन चित्रकलेतील सर्वांत प्रसिद्ध शाईचित्रांपैकी एक तर चित्रकाराने कधीच न पाहिलेल्या जागेचे आहे. इ.स. १४४७ च्या चौथ्या चांद्रमासात, म्हणजे राजा सेजोंगने कोरियन लिपी जाहीर केल्याला वर्षही झाले नसताना, त्याचा तिसरा मुलगा राजपुत्र आनप्यॉंग याला एक स्वप्न पडले. बाक फेंग-न्यॉन या विद्वान मित्रासह तो घोड्यावरून डोंगरातल्या वाटांनी जातो, वाटेत भेटलेला एक माणूस त्यांना दिशा दाखवतो, आणि कडे ओलांडल्यावर फुललेल्या पीच वृक्षांचे एक बंदिस्त खोरे उघडते. तेथे बांबूंमधले घर आहे, ओढ्यात एक होडी तरंगते आहे, पण माणूस नाही. आदर्श खोऱ्याची ही कल्पना चौथ्या-पाचव्या शतकांतील चिनी कवी ताओ युआनमिंग याच्या गद्यकथेपासून पूर्व आशियाच्या मनात रुजलेली होती, त्यामुळे राजपुत्राचे स्वप्नही त्याच्या वाचनाच्या आठवणींतूनच विणले गेले होते असे म्हणता येते. जागे झाल्यावर त्याने आन ग्यॉन या दरबारी चित्रकाराला बोलावून स्वप्न सांगितले, आणि आन ग्यॉनने तीन दिवसांत ते रेशमावर शाईने आणि हलक्या रंगांनी उतरवले, असे राजपुत्राने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. त्याचे नाव ‘मोंगयुदोवोनदो’, म्हणजे स्वप्नात केलेल्या पीचवनाच्या प्रवासाचे चित्र.

एकाचे स्वप्न दुसऱ्याच्या हाताने उतरते तेव्हा काय घडते, हे या जेमतेम ३९ सेंटिमीटर उंचीच्या आणि एक मीटरहून थोड्या अधिक लांबीच्या पटात पाहावे. त्या काळी आडवे पट उजवीकडून डावीकडे वाचण्याची रीत होती, आणि आन ग्यॉनने ती उलटी केली. त्याच्या चित्रात नेहमीचे, ओळखीचे, मऊ डोंगर डाव्या कोपऱ्यात आहेत आणि पाहणाऱ्याची नजर तेथून उजवीकडे, वर, अधिकाधिक विचित्र होत जाणाऱ्या कड्यांतून चढत पीचवनापर्यंत पोहोचते. कडे ढगांसारखे वळलेले आहेत, त्यांना पायथा आहे की नाही हे कळत नाही, आणि शेवटचे खोरे पक्ष्याच्या नजरेने, वरून पाहिलेले आहे. राजपुत्राच्या स्वप्नातली माणसे मात्र चित्रात कोठेच नाहीत. ना घोडा, ना वाट दाखवणारा, ना स्वतः स्वप्न पाहणारा. रिकामे घर आणि रिकामी होडी एवढेच आहे. हा चित्रकाराचा निर्णय फार मोठा म्हटला पाहिजे, कारण स्वप्न पाहणाऱ्याला स्वप्नात आपला चेहरा दिसत नाही, त्याला फक्त जागा दिसते, आणि आन ग्यॉनने ऐकलेल्या गोष्टीतून नेमकी ती जागा बाहेर काढली.

या पटाला दुसरी एक स्मृती नंतर चिकटली, जी त्यावेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. दरबारातील अनेक विद्वानांनी या चित्रावर आपापल्या हस्ताक्षरात प्रशंसालेख लिहिले, आणि ते चित्रासोबत जोडले गेले. सहा वर्षांनी, इ.स. १४५३ मध्ये, आनप्यॉंगच्या थोरल्या भावाने सत्ता बळकावली. लेख लिहिणाऱ्यांपैकी किम जोंग-सॉ त्या उलथापालथीत मारला गेला, आनप्यॉंगला बेटावर हद्दपार करून प्राणदंड देण्यात आला, आणि पुढे १४५६ मध्ये स्वप्नातला सोबती बाक फेंग-न्यॉन आणि सॉंग साम-मुन यांचाही पदच्युत राजाशी निष्ठा राखल्यामुळे अंत झाला, तर सिन सुक-जू नव्या राजाच्या बाजूला जाऊन मोठ्या पदाला चढला. मारणाऱ्यांच्या बाजूचे आणि मेलेल्यांचे हस्ताक्षर एकाच गुंडाळीत, एकाच शाईत, एका पीचवनाचे कौतुक करीत शेजारी शेजारी आहे. आज हा पट जपानमधील तेन्री विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि इ.स. २००९ मध्ये तो काही दिवसांसाठी सोलमध्ये आणला गेला तेव्हा तो थोडा वेळ पाहता यावा म्हणून लोकांनी लांबच लांब रांगा लावल्या होत्या.

अठराव्या शतकात चॉंग सॉन (१६७६–१७५९) या चित्रकाराने स्वप्नातल्या आणि चिनी ग्रंथांतल्या डोंगरांकडून नजर वळवून कोरियाच्या खऱ्या डोंगरांकडे नेली, असे कलेच्या इतिहासात सांगितले जाते, आणि त्याच्या पद्धतीला ‘जिनग्यॉंग’ म्हणजे खरे दृश्य असे नाव आहे. हे सांगणे चूक नाही, पण ‘खरे’ या शब्दाने वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. चॉंग सॉनचा आवडता विषय होता पूर्व किनाऱ्याजवळचा गुमगांग पर्वत, आणि येथे भारतीय वाचकाने थोडे थांबावे, कारण ‘गुमगांग’ हे ‘वज्र’ या संस्कृत शब्दाचे बौद्ध भाषांतर आहे आणि त्याचे सर्वांत उंच, १६३८ मीटरचे शिखर ‘बिरोबोंग’ हे आपल्या नावात ‘वैरोचन’ बुद्धाला घेऊन उभे आहे. ऋतूप्रमाणे या डोंगराची नावे बदलतात: वसंतात तो गुमगांग, उन्हाळ्यात बोंगने, पानगळीत लालपिवळ्या पानांवरून फुंगाक, आणि हिवाळ्यात, झाडे उघडी पडून नुसते खडक उरले की, ‘गेगोल’, म्हणजे सगळी हाडेच हाडे. हान फेइच्या हत्तीची आठवण येथे पुन्हा होते.

चॉंग सॉन या डोंगरात प्रथम इ.स. १७११ मध्ये गेला आणि त्या प्रवासाची चित्रमाला त्याने केली. त्यातल्या एका पानावर ‘दानबाल्योंग’ खिंडीतून दिसणारा गुमगांग आहे. दानबाल्योंग म्हणजे केस कापण्याची खिंड. येथून पांढरी शिखरे पहिल्यांदा दिसली की माणसाला मुंडन करून भिक्षू व्हावेसे वाटते, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. चित्रात उजवीकडे खाली काळसर टेकाड आहे, त्यावर मुंग्यांएवढे प्रवासी, आणि डावीकडे वर, मध्ये काहीही नसलेल्या कोऱ्या जागेपलीकडे, पांढऱ्या सुळक्यांचा एक झुबका तरंगतो. हा मधला कोरा कागद म्हणजे ‘यॉबेक’, मुद्दाम सोडलेली जागा. तिला ढग म्हणावे, अंतर म्हणावे की विसर म्हणावे हे पाहणाऱ्याने ठरवायचे. स्मृतीतही दोन स्पष्ट ठिकाणांच्या मध्ये अशीच जागा असते, आणि ती खोट्या तपशिलांनी भरून काढण्याचा मोह शाईच्या चित्रकाराने टाळलेला असतो.

इ.स. १७३४ च्या हिवाळ्यात, पहिल्या प्रवासाला बावीस-तेवीस वर्षे उलटल्यावर, चॉंग सॉनने गुमगांगचे ते प्रसिद्ध समग्र चित्र, ‘गुमगांगजॉन्दो’, काढले. सगळा डोंगर एका वर्तुळात सामावला आहे. उजव्या बाजूला सुयांसारखे टोकदार खडक एकमेकांना खेटून उभे आहेत, डाव्या कडेला मऊ मातीचे, शाईच्या आडव्या ठिपक्यांनी झाडी दाखवलेले डोंगर आहेत, आणि माथ्यावर बिरोबोंग आहे. या रूपात गुमगांग कोणत्याही वाटेवरून, कोणत्याही शिखरावरून दिसत नाही. अनेक दिवस पायाखाली घातलेल्या वाटा, वेगवेगळ्या वळणांवर दिसलेली वेगवेगळी टोके, विहारांची आणि पुलांची ठिकाणे हे सारे त्याच्या मनात इतकी वर्षे मुरले आणि शेवटी असा एक डोंगर तयार झाला जो पाहिलेल्या प्रत्येक डोंगरापेक्षा अधिक गुमगांग होता. जुन्या पंडितांत ‘वा-यु’ नावाची एक कल्पना होती, अंथरुणावर पडल्या पडल्या केलेला प्रवास; पाचव्या शतकातील चिनी चित्रकार त्सुंग पिंग म्हातारपणी आजारी पडला तेव्हा त्याने आयुष्यात पाहिलेले डोंगर खोलीच्या भिंतींवर काढले, तेथून ही कल्पना आली. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी चित्र हा प्रवासच असे, इतका की इ.स. १७८८ मध्ये राजा जॉंगजोने किम होंग-दो या चित्रकाराला गुमगांगला पाठवले ते स्वतःला जाता येत नव्हते म्हणून.

चॉंग सॉनचे सर्वांत हृदयस्पर्शी चित्र मात्र प्रवासाचे नाही. सोलच्या पश्चिमेचा इनवांग डोंगर जेमतेम ३३८ मीटर उंच आहे, आणि चॉंग सॉन त्याच्याच परिसरात जन्मला आणि वाढला. इ.स. १७५१ च्या उन्हाळ्यात, कोरियन गणनेने वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्याने पाऊस थांबल्यानंतरचा इनवांग काढला. इनवांगचा खडक फिकट रंगाचा आहे, आणि चित्रात तो काळाकभिन्न आहे. रुंद कुंचल्याने वरून खाली ओढलेले पट्टे एकावर एक चढवून त्याने दगडाचे वजन कागदावर आणले. या तंत्राला ‘जॉंगमुक’, साचवलेली शाई, असे म्हणतात: आधी पातळ थर, तो सुकल्यावर त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि खालचा थर वरच्यातून झिरपत राहतो. भिजलेला खडक काळा दिसतो हे खरेच आहे, पण एवढा काळेपणा पावसाने येत नाही. साठ वर्षांची मैत्री असलेला कवी ई ब्यॉंग-यॉन त्याच सुमारास मरणशय्येवर होता, आणि धुक्यावर डोके काढणारा हा डोंगर मित्राच्या बरे होण्याच्या इच्छेने काढला गेला असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते मत मान्य करावेसे वाटते, कारण डोळ्यांसमोर असलेला, जन्मभर पाहिलेला डोंगर इतक्या थरांनी काढण्याची गरज फक्त त्याला पडते जो दिसणाऱ्या खडकात न दिसणारी साठ वर्षेही पाहत असतो. मित्र त्याच वर्षी गेला. चित्र इ.स. २०२१ मध्ये कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आले.

साचवलेल्या शाईच्या अगदी उलट टोकाला किम जॉंग-हुई (१७८६–१८५६) याचे ‘सेहानदो’ आहे. हा आपल्या काळातला सर्वांत मोठा सुलेखनकार आणि शिलालेखांचा अभ्यासक इ.स. १८४० मध्ये दरबारी वैरातून जेजू बेटावर हद्दपार झाला, आणि घराभोवती काटेरी कुंपण घालून त्याच्या आत राहण्याची शिक्षा त्याला झाली होती. जुने मित्र हळूहळू दुरावले. दुभाषी म्हणून चीनला जाणारा त्याचा शिष्य ई सांग-जॉक मात्र तिकडून दुर्मीळ ग्रंथ मिळवून त्याला पाठवत राहिला. इ.स. १८४४ मध्ये किमने त्याच्यासाठी हे छोटे चित्र काढले. चार झाडे, एक घर, आणि बाकी सगळा थंडीने गोठल्यासारखा कोरा कागद. शाई इतकी कोरडी, कुंचला इतका अर्धाभुका की रेघ जागोजागी तुटते. हिवाळा आल्यावरच चीड आणि सायप्रसची हिरवाई टिकणारी आहे हे कळते, असे कन्फ्यूशियसचे एक वचन आहे, त्याची ही छाया. घराला गोल दार आहे, आणि जेजूत अशी घरे नव्हती. तेथे काळ्या ज्वालामुखी दगडांच्या भिंती आणि दोरांनी बांधलेली गवताची छपरे होती. म्हणजे किमने तो राहत होता ते घर काढले नाही. ते कोणते घर होते, तरुणपणी पेकिंगला पाहिलेले, ग्रंथांत वाचलेले, की केवळ मनात बांधलेले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि दाराच्या आत काहीच दिसत नसल्यामुळे प्रश्न तसाच उघडा राहतो. चित्राच्या कोपऱ्यात एक लाल मोहोर आहे, तिच्यावरची चार अक्षरे सांगतात: दीर्घकाळ एकमेकांना विसरू नये.

या मोहोरेचे म्हणणे चित्राने आणि त्याला जपणाऱ्यांनी अक्षरशः पाळले. ई सांग-जॉकने ते पेकिंगला नेले, तेथील सोळा विद्वानांनी त्यावर लिहिले, आणि पुढच्या मालकांच्या लेखांसह गुंडाळी वाढत वाढत चौदा मीटरच्या पुढे गेली. वसाहतकाळात ती एका जपानी अभ्यासकाकडे होती. दुसऱ्या महायुद्धात, इ.स. १९४४ मध्ये, कोरियन सुलेखनकार सोन जे-ह्यॉंग तोक्योला जाऊन त्याच्या दाराशी दिवसामागून दिवस विनवणी करीत राहिला, आणि शेवटी त्या अभ्यासकाने ती दिली. काही महिन्यांतच बॉम्बवर्षावात त्याच्या संग्रहाचा मोठा भाग जळाला.

हद्दपारीत शाईने काय करता येते याचे विसाव्या शतकातले उदाहरण ई उंग-नो (१९०४–१९८९) याचे आहे. बांबू काढण्यात हातखंडा असलेला हा चित्रकार १९५० च्या दशकाच्या अखेरीस युरोपला गेला आणि पॅरिसमध्ये स्थिरावला. इ.स. १९६७ मध्ये उत्तर कोरियाशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्याला मायदेशी आणून तुरुंगात टाकले गेले, आणि १९६९ पर्यंत तो तेथे होता. शाई नव्हती तेव्हा त्याने जेवणातला सोयाबीनचा काळा रस्सा वापरला, कागद नव्हता तेव्हा शौचालयाचा कागद, आणि भाताची शिते मळून आकार घडवले. सोयाबीनच्या रश्श्याला शाई मानणे म्हणजे हाताला शाईची आठवण इतकी पक्की असणे की द्रव्य बदलले तरी रेघ बदलत नाही. इ.स. १९८० च्या मे महिन्यात ग्वांगजू शहरात नागरिकांवर लष्कराने गोळ्या चालवल्या, तेव्हा तो पॅरिसमध्ये होता, आणि मायदेशी परत येण्याची वाट त्याला मोकळी नव्हती. त्यानंतरच्या वर्षांत त्याने मोठमोठ्या कागदांवर शेकडो, हजारो माणसे काढली. प्रत्येक माणूस दोन-चार फटकाऱ्यांचा, अक्षरासारखा, धावणारा, हात वर केलेला, शेजाऱ्याला धरणारा. त्याने ती गर्दी पाहिली नव्हती. पण बांबूची पाने वाऱ्यात कशी एकमेकांत शिरतात हे त्याच्या मनगटाला आयुष्यभर ठाऊक होते, आणि त्या पानांचीच माणसे झाली असे ती चित्रे पाहताना वाटते.

गुमगांगचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय हा विषय अपुरा राहील. इ.स. १९४५ मध्ये देश अडतिसाव्या अक्षांशावर तोडला गेला आणि गुमगांग रेषेच्या उत्तरेला राहिला. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर तर नव्या युद्धविरामरेषेला काटेरी तारा आणि सुरुंग लागले. दक्षिणेतल्या लाखो माणसांची घरे, आईवडिलांच्या कबरी आणि शाळेच्या सहलीचे डोंगर एका रात्रीत स्मृतीचे विषय झाले. शतकानुशतके ‘पडल्या पडल्या प्रवास’ ही म्हाताऱ्यांची आणि राजांची सोय होती, ती आता अर्ध्या देशाची एकमेव वाट ठरली. इ.स. १९९८ च्या नोव्हेंबरपासून दक्षिणेतील पर्यटकांना तेथे जाऊ दिले जात होते, आणि जुलै २००८ मध्ये ती वाट पुन्हा बंद झाली.

ब्यॉन ग्वान-शिक (१८९९–१९७६) हा त्या रेषेच्या उत्तरेला राहिलेल्या ह्वांगहे प्रांतात जन्मला होता. आईच्या वडिलांकडून, जे दरबारी चित्रकार होते, त्याने कुंचला हाती घेतला, जपानमध्ये काही वर्षे शिकला, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस सोल सोडून डोंगरांतून भटकत राहिला, विशेषतः गुमगांगमध्ये. ती भटकंती काही वर्षांची, आणि पुढे तीस वर्षे त्याने जे काढले ते तिच्यातून. ‘बाहेरच्या गुमगांग’मधील तीन सिद्धांचे सुळके त्याने १९५९ मध्ये काढले, ‘आतल्या गुमगांग’मधील मोत्यांचा डोह १९६० मध्ये, दोन्ही वेळा समोर डोंगर नव्हता, आणि पुन्हा जाऊन एखादे वळण पडताळून पाहण्याची सोयही नव्हती. चॉंग सॉनने स्मृतीतून काढले तेव्हा तो हवे तर पुढच्या वर्षी जाऊ शकला असता. ब्यॉनच्या बाबतीत तसे नाही, आणि हा फरक त्याच्या शाईतच दिसतो.

त्याची पद्धत सांगायची तर ती पुन्हा साचवण्याची आहे, पण अधिक बेचैन. आधी पातळ शाईने खडकाचा आकार येतो, मग त्यावर थोडी गडद शाई, मग आणखी गडद, आणि शेवटी दाट शाईचे छोटे छोटे ठिपके आणि तुकडे त्याच रेषांवर मारत मारत तो आधीची रेघ मोडतो. या शेवटच्या कृतीला ‘फासॉन’, म्हणजे रेघ तोडणे, असे नाव पडले आहे. शास्त्रशुद्ध गुळगुळीत कड त्याला नको होती. आठवणीतला खडक जितक्या वेळा उगाळला जातो तितका तो जाड, खडबडीत, आणि एकाच वेळी अधिक निश्चित व अधिक थरथरता होतो, आणि ब्यॉनच्या कड्यांना नेमका तो गुण आहे. लांबून पाहिले तर ते कोसळणार नाहीत इतके जड, जवळून पाहिले तर एकही रेघ अखंड नाही. सुळके चित्राच्या वरच्या कडेला भिडतात, कधी किंचित तिरके होऊन पाहणाऱ्याच्या अंगावर येतात, जणू दृश्य चित्रकाराच्या मनातून बाहेर येताना त्याला सरळ उभे राहायला वेळ मिळाला नाही.

मरणापूर्वी दोन वर्षे, इ.स. १९७४ मध्ये, त्याने दानबाल्योंग खिंडीचे चित्र काढले, तीच केस कापण्याची खिंड, जिथून चॉंग सॉनने १७११ मध्ये पांढऱ्या शिखरांचा झुबका पहिल्यांदा पाहिला होता. दोघांच्या मध्ये अडीचशेहून अधिक वर्षे आहेत, आणि दुसऱ्याच्या वाटेत सुरुंगांची एक रेषा. ब्यॉनच्या गुमगांगच्या चित्रांत एक गोष्ट नेहमी येते आणि ती शोधून पाहावी लागते: प्रचंड कड्याच्या तळाशी, ओढ्याच्या काठाने किंवा पायवाटेच्या वळणावर, नखाएवढे एक-दोन म्हातारे, अंगात जुन्या पद्धतीचा लांब अंगरखा, हातात काठी. ते थांबून डोंगर पाहत नाहीत, त्यांना वाट माहीत असावी असे त्यांच्या पाठीवरून वाटते, आणि ते चढणीच्या दिशेने चालत राहतात.